माफीशिवाय हॉर्न सुटत नाही

गाडीचा हॉर्न दाबला आणि तो वाजतच राहिला, तर जगातला कोणताही शहाणा मेकॅनिक आधी बॉनेट उघडतो. आमच्या दुसरबीडचे सत्तारभाई आधी स्टूल ओढतात. त्यावर ऐसपैस बसतात, दाढीवरून हात फिरवतात आणि हॉर्नच्या वरताण आवाजात ड्रायव्हरला विचारतात,

"आखरी हॉर्न कोणाले मारला?"

इकडे गाडी बोंबलत असते. गावातली कुत्री कान पाडून शेताकडं निघालेली असतात. शेजारच्या हरिभाऊंच्या म्हशीनं एकदा या आवाजाच्या धास्तीनं बादलीत दूध न देता थेट दहीच दिलं. हे मी सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. ते दही मी स्वतः साखर घालून खाल्लेलं आहे.

ड्रायव्हर बिचारा कानात बोटं घालून ओरडतो, "भाई, आधी हे बंद करा ना!"

"बंद करीन. आधी नाव सांग."

"निदान बॅटरीची वायर तरी काढा!"

"वायर काढली की पेशंट मेला. मेलेल्याची नाडी पाह्यता येते काय बे?"

मेहकर-जालना रस्त्याच्या अलीकडं माझं बी-बियाण्याचं दुकान आहे आणि बरोबर समोर, पलीकडं, सत्तारभाईंचं पत्र्याचं शेड. मागं त्यांचं घर. पंधरा वर्षं झाली, आमच्या मध्ये फक्त रस्ता आहे. तेवढ्या भांडवलावर मी सांगतो की या मुलखातल्या माणसांची जी गुपितं पोलिसांना माहीत नाहीत, बायकांना माहीत नाहीत, ती मला पाठ आहेत. कारण उघड आहे. हॉर्न बोंबलत असताना कबुली द्यायची तर ओरडूनच द्यावी लागते. आणि माणूस ओरडून कबुली देतो तेव्हा ती एकट्या सत्तारभाईंनाच ऐकू येते असं थोडंच आहे?

सत्तारभाईंचं म्हणणं असं, की हॉर्न आपणहून चिकटतच नाही. ते मला दर आठवड्याला समजावून सांगतात, जणू मी दर आठवड्याला नव्यानं जन्म घेतो.

"हॉर्नमधी काय रायते गजूभाऊ? एक रिले रायते. त्यात दोन पॉइंट. बटन दाबलं की भिडते, सोडलं की सुटते. पण माणूस गुश्श्यात असला ना, तो बटन दाबत नाई. दाबून धरते. पॉइंट तापते. तापलं की चिकटते. आता तूच सांग, बिघाड कोठी आहे? बॉनेटात का खोपडीत?"

"खोपडीत," मी म्हणतो. पंधरा वर्षांत दुसरं उत्तर देऊन पाहायची माझी छाती झालेली नाही.

बरं, नुसतं नाव सांगून भागत नाही. ज्याच्यावर हॉर्न मारला त्याची माफी मागायची. माणूस जवळपास असेल तर समोर, लांब असेल तर फोनवर. आणि समोरच्यानं "माफ केलं" म्हटल्याशिवाय सत्तारभाई खिशातला पेचकस बाहेर काढत नाहीत. "त्याच्या दिलातली गाठ सुटू दे, मंग मी पॉइंट सोडवतो." यात फोनवरच्या माफीचे फार हाल होतात. माफी मागणाऱ्याच्या मागं हॉर्न चालूच असतो, त्यामुळं पलीकडच्याला वाटतं, हा गडी आता फोनवरूनही हॉर्न मारायला लागला.

एकदा एक पुढारी आले. नाव सांगत नाही, मला इथंच दुकान चालवायचं आहे. पांढरीशुभ्र गाडी, पांढरेशुभ्र कपडे, आणि हॉर्न असा लागलेला की जणू गाडीच निवडणुकीला उभी आहे.

"जनावर आडवं आलं होतं," पुढारी ओरडले.

"जनावरावर हॉर्न चिकटत नाई साहेब. जनावराचा माणसाले राग येते, पण दिलातून नाई येत. खरं सांगा."

पुढाऱ्यांनी विरोधी पक्षाचं नाव घेतलं. सत्तारभाईंनी मान हलवली. शाळेसमोर पोरांची गर्दी होती म्हणाले. सत्तारभाईंनी चहा मागवला. शेवटी दहाव्या मिनिटाला तो माणूस, ज्याला मी सभेत माइकशिवाय बोलताना कधी पाहिलं नव्हतं, बेंबीच्या देठापासून ओरडला, "सासऱ्यावर!"

सासऱ्यांना फोन लागला. "मामा, चुकलं माझं! माफ करा!" सासरे वयस्कर. ते अजून सिंदखेडराजाच्या पारावर बसून सांगतात, की आमच्या जावयानं बँड लावून माफी मागितली.

दुसरं एक वऱ्हाड. वडनेर भोलजीहून पहाटे निघालेलं, लग्न लोणारला, आणि आमच्या गावाच्या शिवेवर नवरदेवाच्या गाडीचा हॉर्न चिकटला. मुहूर्त टळत चाललेला. ड्रायव्हर देवाशपथ सांगतो की मी हात लावला नाही. सत्तारभाई ड्रायव्हरचा हात हातात घेऊन पाहतात आणि म्हणतात, "याचा हात थंडा आहे. हा नोय." मग ते नवरदेवाकडं पाहतात. नवरदेव बाशिंगाआड लपतो. निघालं असं, की बाप फेटा नीट करत उंबऱ्यात उभा होता, नवरदेवाला घाई झालेली, आणि त्यानं मागच्या सीटवरून हात लांबवून खुद्द बापावर हॉर्न मारला होता. भर रस्त्यात, हळद लागलेल्या अंगानं, पोरगा बापाच्या पाया पडला. बाप रडला. वरमाय रडली. बँडवाला रडला. आणि बापानं "उठ रे राजा" म्हणताक्षणी हॉर्न बंद! सत्तारभाई स्टुलावरून हललेसुद्धा नव्हते. वऱ्हाड त्यांच्याही पाया पडून गेलं.

लोकांना तो चमत्कार वाटतो. मला वाटत नाही, कारण माझ्या दुकानातून शेडची दुसरी बाजू दिसते. तिथं रेश्मा असते.

रेश्मा सत्तारभाईंची एकुलती एक मुलगी. भाभीजान चार वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून घरात ही दोघंच. पोरीनं आयटीआय केलं आणि बापाच्या शेडमध्ये उभी राहिली. बाप समोर बसून कबुलीजबाब घेत असतो, तोवर ही मागच्या अंगानं बॉनेटखाली डोकं घालून सगळी तयारी करून ठेवते. घासलेला, चोख रिले हातात धरून बापाच्या मानेकडं पाहत राहते. बापानं मान डोलावली की दोन सेकंदांत जुना काढला, नवा बसवला. हॉर्न गप्प. वर ओढणीनं तोंड दाबून हसते. सत्तारभाईंचे डोळे आताशा बारीक वायरींना दाद देत नाहीत. ते स्वतः कबूल करत नाहीत, पण गेल्या सालापासून त्यांच्या खिशातला पेचकस नुसता दागिन्यासारखा लावलेला असतो.

तर या रेश्माला नोकरी लागली. पुण्याकडं, गाड्यांच्या मोठ्या कारखान्यात, वायरिंगच्या कामावर. सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचं. नाही झाली तर जागा यादीतल्या पुढच्या नावाला. सत्तारभाईंनी ते पत्र गावभर फिरवलं. मला तर तीनदा वाचून दाखवलं, त्यातलं एकदा उलटं धरून. "माही पोरगी गाडी जनमायच्या आधीच तिच्या नसा जोडन," असं म्हणाले. आणि पोरीला? पोरीला त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "जा बेटा." एकदा नाही, तीन वेळा सांगितलं.

रविवारी दुपारी अडीचची रेल्वे होती, जालन्याहून. सोडायला मी माझी गाडी काढली. माझी गाडी म्हणजे जालन्याच्या एका डॉक्टरनं वीस वर्षं वापरून, तिच्यात आता जीव उरला नाही अशी खात्री करून मला विकलेली. सकाळी दहाला मी शेडसमोर उभा. सव्वादहा झाले. साडेदहा झाले. आत लोणारहून आलेली रेश्माची फुफी, म्हणजे सत्तारभाईंची बहीण, पिशव्या भरत होती. रेश्मा दोनदा दारापर्यंत आली आणि दोन्ही वेळा सत्तारभाईंनी तिला काहीतरी विसरलं म्हणून आत पाठवलं. एकदा उशी. एकदा चहागाळणी. मी म्हटलं, आता हा माणूस तिला तवा-परात न्यायला लावणार.

मी हॉर्न दाबला. दाबला म्हणजे, खरं सांगायचं तर, धरला.

आणि तो चिकटला.

पंधरा वर्षं समोर बसून ज्याची मजा पाहिली, ते आज माझ्याच बोकांडी बसलं. लोक जमले. चहावाला किटली घेऊन आला. सत्तारभाई घरातून बाहेर आले, सवयीनं स्टूल ओढलं, बसले, दाढीवरून हात फिरवला.

"आखरी हॉर्न कोणाले मारला?"

मी म्हैस म्हणू शकलो असतो. पण समोरचा माणूस सत्तारभाई. मी ओरडलो, "तुम्हाला मारला! तुम्हालाच! पोरीला निघू देत नाही म्हणून!"

लोकांचं हसू तिथल्या तिथं थिजलं. सत्तारभाई उठले. त्यांनी स्वतःच्या हातानं बॉनेट उघडलं आणि बॅटरीची वायर उपटून काढली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. एकदम अशी शांतता झाली, की किटलीतून कपात पडणारा चहा ऐकू येत होता.

"मंग माफी माग," ते म्हणाले.

"चुकलं माझं सत्तारभाई. माफ करा."

त्यांनी डोळे मिटले. आत कुठंतरी चाचपून पाहिलं. डोळे उघडले. "नाई निघालं."

"काय नाही निघालं?"

"दिलातून. माफी तुयी तोंडातून आली. थांब थोडं."

पावणेअकराला मी हात जोडून माफी मागितली. "आता थोडी निघाली," म्हणाले, "चार आणे." अकराला मी चहा पाजून मागितली. चहा पिऊन म्हणाले, "गोड जास्त झाला." सव्वाअकराला मला वाटलं, फोनवरची माफी यांना चालते, तर फोन करावा. मी रस्ता ओलांडून माझ्या दुकानात गेलो आणि फोन लावला. तीस पावलांवर बसलेल्या सत्तारभाईंनी फोन उचलला आणि माझ्याकडं बघतच विचारलं, "कोन बोलते?"

"गजानन बोलतो. समोरचा."

"बोला."

"माफ करा हो भाई. साडेअकरा वाजत आले. पोरीची रेल्वे चुकेल."

त्यांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. मग म्हणाले, "आवाज तुटून राह्यला," आणि फोन ठेवला.

साडेअकराला गावातली म्हातारी माणसं आली. हरिभाऊ म्हणाले, "अरे सत्तार, आता मोठ्या मनानं माफ करून टाक ना बाप्पा." सत्तारभाई म्हणाले, "मन मोठंच आहे. म्हणून तर शोधाले टाइम लागून राह्यला." मी शेजारच्या भीमराव जीपवाल्याला बाजूला घेतलं. म्हटलं, तू सोड तिला जालन्याला. भीमरावानं कानाला हात लावले. "मले काऊन मारतं गजूभाऊ? पोरीले मी पळवून नेलं आणि उद्या माया हॉर्न चिकटला, तं तो माणूस मले जल्माचं विचारन." अख्ख्या रस्त्यावर एक ड्रायव्हर तयार होईना. प्रत्येकाची एक ना एक कबुली त्या शेडच्या पत्र्यानं ऐकलेली. बाराची जालना बस आली. तिचा ड्रायव्हरसुद्धा शेडकडं पाहून नमस्कार करून तसाच पुढं निघून गेला.

बारा वाजून पाच मिनिटांनी रेश्मा बाहेर आली. एका खांद्याला बॅग, काखेत उशी. उशी तिनं माझ्या गाडीत टाकली, बॅग खाली ठेवली आणि बाह्या वर सारल्या. बापासमोर जाऊन त्यांच्या खिशातला पेचकस काढून घेतला.

"माफी नाई झाली अजून," सत्तारभाई म्हणाले.

घरात ती दोघं हिंदी बोलतात. आमच्याकडची हिंदी. रेश्मा हळूच म्हणाली, "अब्बा, काका को कायकू रोकके रखे? जो है वो मेरेकू बोलो ना."

"तेरेकू क्या बोलना? बोल्या ना, जा. तीन बार बोल्या."

"मुँह से बोले अब्बा. दिल से नहीं निकला."

भीमराव उगाच आपल्या जीपचा टायर पायानं दाबून पाहायला लागला.

ती बॉनेटखाली वाकली. रिलेचा पहिला स्क्रू निघाला. खाली ठेवायला तिनं हात मागं केला, तर सत्तारभाई स्टुलावरून उठून तिच्या शेजारी जाऊन उभे होते, तळहात पुढं धरून. तिनं स्क्रू त्यात ठेवला. दुसरा ठेवला. तिसरा, चौथा. मग रिले उघडून ती पॉलिश पेपरनं पॉइंट घासायला लागली. सत्तारभाईंना राहवेना.

"पेपर सीधा धर."

"सीधाच है अब्बा."

"फूँक मार. कचरा है."

"मारी."

"और मार."

तिनं आणखी एक फुंकर मारली. काही गरज नव्हती, हे माझ्यासारख्या बी-बियाणेवाल्यालाही कळत होतं.

रिले जागेवर बसला. तिनं हात मागं केला. सत्तारभाईंनी एक स्क्रू दिला. मग दुसरा, मग तिसरा. चौथ्याच्या वेळी मूठ उघडेना. रेश्मानं मागं वळून पाहिलं नाही. हात तसाच मागं धरून, डोकं बॉनेटखाली ठेवून ती थांबली. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मी एरवी दोन मिनिटांचे दोन तास करून सांगणारा माणूस आहे, पण तेवढ्या वेळाचं माप माझ्याकडं नाही.

मग मूठ उघडली.

"ले," सत्तारभाई म्हणाले. "कस के बिठा. वहाँ कोई देखनेवाला नहीं रहता."

तिनं स्क्रू आवळला. बॅटरीची वायर जोडली. खिडकीतून हात घालून हॉर्न दाबला. एक छोटासा आवाज आला आणि थांबला. पेचकस तिनं बापाच्या खिशात जिथल्या तिथं लावला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं पाहून म्हणाले, "जा गजूभाऊ. माफ केलं. सोळा आणे."

साडेबारा वाजले होते. पुढचा प्रवास मी असा केला, की डॉक्टरांनी पाहिलं असतं तर गाडी परत मागितली असती. एका गोष्टीची मात्र मी शपथ घेतली होती. हॉर्नला हात लावायचा नाही. सिंदखेडराजाच्या पुढं कापसाचा एक ट्रॅक्टर असा आडवा चालला होता, जणू रस्ता त्याच्या आजोबांनी पेरला आहे. मी त्याच्यामागं तीन किलोमीटर गेलो. खिडकीतून डोकं काढून "ओ पाव्हणं! ओ मालक!" असं ओरडलो. पण हॉर्न नाही मारला.

रेश्मा माझ्याकडं पाहत होती. मग म्हणाली, "काका, हॉर्न मारा ना. चांगला झालाय आता."

"गरज नाही पडत गं."

"भेता काय?"

"भितो."

तेव्हा ती ओढणीनं तोंड दाबून हसली, आणि मग ती ओढणी तिनं डोळ्यांपाशीच धरून ठेवली. रेल्वे सुटायला सात मिनिटं असताना मी तिला डब्यात बसवलं.

परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सत्तारभाई शेडमध्ये स्टुलावर बसलेले. मी रस्ता ओलांडून गेलो आणि शेजारच्या जुन्या टायरवर टेकलो. आता विचारतील, पोरीला जागा मिळाली का, काही खाल्लं का, रडली का. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती.

त्यातलं त्यांनी काहीही विचारलं नाही.

"रस्त्यानं किती डाव हॉर्न मारला?"

"सतरा-अठरा डाव मारला असेल," मी म्हणालो.

"एकबी डाव चिकटला नाई?"

"एकबी डाव नाही."

"धरून ठेवला तरी?"

"एक कापसाचा ट्रॅक्टर होता सिंदखेडच्या पुढं. तीन किलोमीटर नुसता धरून ठेवला. सोडला की बंद. धरला की चालू. असा हॉर्न मी आयुष्यात पाहिला नाही, सत्तारभाई."

सत्तारभाईंनी मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिले.

"मंग जमन तिले तठी," ते म्हणाले.

आणि पेचकस काढून पुढच्या गाडीकडं वळले. पुढं गाडी नव्हती.